फतवा आणि बँकेचा व्यवहार

'फतवा काढला' असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात हुकूम असतो. मूळ अर्थ तसा नाही. फतवा म्हणजे विचारलेल्या प्रश्नावर शरीयतेच्या जाणकाराने, म्हणजे मुफ्तीने, दिलेले मत. हुकूम देणे हे काझीचे काम. इस्लामी बँकांचा कारभार अशा मतांवर उभा आहे.

कुराणाने व्याज निषिद्ध ठरविले, व्यापार मान्य केला. मग बँकेने मिळवावे कसे? 'मुराबहा' हा एक मार्ग. गिऱ्हाइकाला यंत्र हवे असल्यास बँक ते स्वतः खरेदी करते आणि ठरलेला नफा चढवून त्याला हप्त्याने विकते. यंत्र खरोखर बँकेच्या मालकीचे झाले का? त्या अवधीतील नुकसानीची जोखीम तिने घेतली का? घेतली असेल तर तो व्यापार; नाही तर नाव बदललेले व्याज. हा निवाडा बँकेचे शरीयत मंडळ करते.

या मंडळाचा मेहनताना मात्र बँकच देते. ज्या लवादाची फी एकटा मालक भरतो, त्याच्याविषयी कामगारांच्या मनात काय येते हे आम्ही जाणतो. तरीही सारेच मुफ्ती बँकांची री ओढतात असे नाही. 2007 साली पाकिस्तानचे तकी उस्मानी यांनी बाजारातील बहुतेक 'सुकूक' रोखे शरीयतेत बसत नाहीत असे सांगितले. भागीदारी म्हणायची आणि मुद्दल परत देण्याची हमीही द्यायची, हा त्यांचा आक्षेप होता. ते ज्या शरीयत मंडळाचे अध्यक्ष होते, त्या बाहरेनच्या मानक संस्थेने 2008 मध्ये त्याप्रमाणे नियम कडक केले.

पण दुसरी बाजूही पाहावी. 2017 साली शारजाच्या दाना गॅस कंपनीने आपलेच 70 कोटी डॉलरचे सुकूक आता शरीयतेस धरून नाहीत, असे सांगून देणे थांबविले. लंडनच्या न्यायालयाने रोखे परत घेण्याचे वचन इंग्रजी कायद्याने बंधनकारक ठरविले; 2018 मध्ये तडजोड झाली. धर्माचा आधार घेऊन पैसे उभारावे आणि त्याच आधाराने ते नाकारावे, यात धनकोने कोणाकडे पाहावे?

मलेशियाने 2009 च्या कायद्याने मध्यवर्ती बँकेच्या शरीयत मंडळाचा निर्णय न्यायालयांवर बंधनकारक केला. त्याने गोंधळ कमी होतो. पण मत देणाऱ्याच्या हाती हुकूमही येतो. म्हणून आमचे म्हणणे इतकेच: फतव्याची कारणे उघड छापावीत, आणि तो देणाऱ्यास पैसे कोणी दिले तेही ठेवीदारास कळावे.