नवी मुंबईतला रोपतंबू आणि आपले ऊस बेणे



आपल्या भागात गावोगावी अशी घरे आहेत, ज्यांचा मुलगा, भाऊ नाहीतर जावई नवी मुंबईला आहे. १९६९ साली माथाडी कायदा झाला, १९७० साली सिडको स्थापन झाली आणि पुढे मुंबईचे घाऊक बाजार टप्प्याटप्प्याने वाशीला गेले. त्या बाजारांमागोमाग घाटावरची माणसे कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे या बाजूला स्थिरावली. माणूस शहरात गेला तरी हातातली माती सुटत नाही. मग खिडकीत कोथिंबीर होते, गॅलरीत मिरचीचे रोप लागते. पण समोर दुसरी इमारत, ऊन जेमतेम तासभर. रोपे लांबट, फिकट होऊन आडवी पडतात. त्यावर तोड म्हणून आता काही जण घरातच छोटा रोपतंबू उभा करतात.

"साहेब, पोरानं घरात कपाटाएवढा तंबू लावलाय, आत दिवा जळतोय. हे खूळ की शेती?" असे सभासद आम्हांला विचारतात. म्हणून या अंकात त्याची माहिती देत आहोत. आपल्या उसाशीही त्याचा संबंध आहे.

तंबूत काय असते?

नळ्यांचा सांगाडा, त्यावर उजेड न झिरपणारे कापड. कापडाची आतली बाजू चंदेरी असते, म्हणजे दिव्याचा उजेड वाया न जाता पानांवर परत पडतो. वर एलईडी दिवा, हवा बाहेर फेकणारा लहान पंखा, खाली रोपांचे ट्रे आणि तापमान व आर्द्रता दाखवणारे छोटे यंत्र. एवढाच पसारा.

दिवा कशाला, असे वाटेल. इथे माणसाचा डोळा फसतो. भर दुपारी उघड्या रानात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. घरात आपल्याला लख्ख वाटते, तिथे तो बहुधा काही शेच असतो. पेपर वाचायला तेवढा पुरतो, पानाला अन्न तयार करायला पुरत नाही.

उभारणी

घरच्यासाठी दोन फूट लांब, दोन फूट रुंद, चार फूट उंच तंबू पुष्कळ झाला. विकतचा नको असेल तर पीव्हीसी नळ्यांचा सांगाडा करून त्यावर जाड काळे कापड आणि आतून चंदेरी कागद लावला तरी काम भागते. दिवा रोपांच्या शेंड्यापासून फूट-दीड फूट वर टांगावा आणि रोपे वाढतील तसा उचलावा. रोपे ताणू लागली तर दिवा खाली घ्यावा, पाने करपू लागली तर वर. दिवसाला १४ ते १६ तास उजेड द्यावा, बाकी वेळ अंधार. झाडालाही रात्र लागते.

गरम हवा वर चढते, म्हणून पंखा वरच्या अंगाला आणि हवा आत येण्याची वाट खालच्या अंगाला ठेवावी. विजेचे बोर्ड व जोड जमिनीवर नकोत. पाणी खाली आणि वीज वर, हा नियम मोडू नये. अर्थिंग असल्याखेरीज तर दिवा लावूच नये.

खर्चाचा हिशोबही करावा. १०० वॅटचा दिवा १४ तास चालला तर रोज १.४ युनिट, महिन्याला ४२ युनिट वीज जाते. तेवढ्या विजेत होणारी मेथी-कोथिंबीर वाशीच्या बाजारापेक्षा स्वस्त पडेल, या भ्रमात राहू नये. तंबूचा खरा उपयोग रोपे तयार करायला. मिरची, टोमॅटो, वांगी यांची रोपे त्यात दणकट होतात.

हवा पाहून तंबू

नवी मुंबई खाडीकाठची. पावसाळ्यात हवा ओलीचिंब, भिंतींना बुरशी येते. तिथे तंबूत ओल कोंडली की रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. म्हणून तिथे पंखा महत्त्वाचा, पाणी बेताचे आणि बिया विरळ.

आपल्याकडे याच्या नेमके उलट आहे. ऊन भरपूर, हवा कोरडी, पण डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा. आपल्याला दिवा नको, ऊब हवी. तंबू सारखाच, पण तिथे ओल बाहेर काढायची आणि इथे ऊब आत धरायची. म्हणून कोणाचे पाहून वस्तू आणण्याआधी आपल्या जागी रोपाला काय कमी पडते, ते पाहावे.

उसाला उपयोग काय?

तंबूत ऊस पिकत नाही. त्याला वर्षभर कडक ऊन लागते. पण उसाचा डोळा फुटायला उजेड लागत नाही, ऊब आणि ओल लागते. २८ ते ३२ अंश तापमानात डोळे जोमाने फुटतात, २० अंशांखाली रेंगाळतात. सुरू हंगामात उगवण मागे पडते त्याचे हे एक कारण. दुसरे कारण म्हणजे बेणेच खराब असणे. दोहोंत फरक कसा ओळखायचा? तिथे हा घरचा तंबू कामाला येतो.

लागणीआधी दोन-तीन आठवडे, ज्या मळ्यातून बेणे घ्यायचे तिथे वेगवेगळ्या जागचे १० ऊस तोडावेत. बेणे ९ ते ११ महिन्यांचे असावे. प्रत्येकाचे मधल्या व वरच्या भागातले १० डोळे, असे १०० एकडोळा तुकडे ट्रेमध्ये ओल्या कोकोपीटात किंवा वाळूत, डोळा वर करून लावावेत. ट्रेवर प्लॅस्टिक कागदाचा तंबू करावा. आत पोल्ट्रीत पिलांना ऊब देतात तसा तापणारा बल्ब, कागदापासून फूटभर लांब आणि पाणी लागणार नाही असा टांगावा. थर्मामीटर ट्रेच्या उंचीवर ठेवावा. ३५ च्या वर जाऊ लागला की कागद थोडा उघडावा.

पंधरा दिवसांनी फुटलेले डोळे मोजावेत. आमचा ठोकताळा असा:

८० किंवा जास्त — बेणे खुशाल घ्यावे.
६० ते ८० — दुसरा मळा मिळत नसेल तरच घ्यावे, टिपऱ्या जास्त धराव्यात.
६० च्या आत — बेणे नाकारावे, मग तो मळा सख्ख्या भावाचा का असेना.

एकरी दहा ते बारा हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या आपण जमिनीत घालतो. बेणे, तोडणी, वाहतूक, मजुरी सगळे रोख जाते. महिन्याने तुटाळ दिसते तेव्हा हंगाम सरलेला असतो. मागून भरलेले नांगे शेजारच्या उसाच्या सावलीत खुरटतात. बेणे नाकारता येते, सरीत गेलेला पैसा परत येत नाही.

चाचणीत फुटलेले डोळे फेकू नयेत. कोंब हिरवा झाला की ट्रे लगेच उजेडात काढावेत, नाहीतर कोंब पांढरे पडून लोळतात. पुढे पिशवीत वाढवलेली ही रोपे वेळेवर नांगे भरायला उपयोगी पडतात.

तेव्हा मुलगा सुट्टीवर येईल तेव्हा त्याच्या तंबूची थट्टा करू नका. त्यालाच घरच्या पडवीत एक तंबू बांधायला लावा. आणि बेण्याचा सौदा करण्यापूर्वी आपल्या गटाच्या शेतकी मदतनीसाला मळा दाखवायला विसरू नका.

— ऊस विकास विभाग