आवृत्ती नियंत्रण प्रणालींमधील स्थलांतर : जीसीसी प्रकल्पाच्या संदर्भात

प्रस्तावना :
सॉफ्टवेअरच्या मूळ संहितेत कोणी, केव्हा व कोणत्या कारणाने बदल केला, याची क्रमवार नोंद ठेवणाऱ्या प्रणालीस आवृत्ती नियंत्रण प्रणाली म्हणतात. कालांतराने प्रकल्पास जुनी प्रणाली सोडून नवी स्वीकारावी लागते. अशा वेळी फायली हलविणे सोपे असते. त्यांचा इतिहास हलविणे कठीण असते. प्रस्तुत लेखात जीसीसी या मुक्त कंपायलरच्या उदाहरणाने ही अडचण स्पष्ट केली आहे.

दोन प्रणालींतील भेद :
रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेल्या जीसीसीने २००५ मध्ये सीव्हीएसऐवजी सबव्हर्जन व जानेवारी २०२० मध्ये सबव्हर्जनऐवजी गिट ही प्रणाली स्वीकारली. सबव्हर्जनमध्ये प्रत्येक बदलास चढता अनुक्रमांक मिळतो आणि बदल दाखल करणाऱ्याचे केवळ सदस्यनाव नोंदले जाते. गिटमध्ये मूळ लेखक व दाखल करणारा यांची नोंद स्वतंत्रपणे होते. एकाने लिहिलेला बदल दुसऱ्याने दाखल केला असल्यास सबव्हर्जनच्या या नोंदीवरून खरा लेखक कळत नाही. जीसीसीत ही माहिती 'चेंजलॉग' फायलींत होती. रिपोसर्जन या साधनाच्या साहाय्याने ती तेथून घेऊन लेखकांचे श्रेय त्यांच्या नावे नोंदविण्यात आले. तसेच जुन्या दोषनोंदींतील संदर्भ निरर्थक होऊ नयेत, यासाठी रूपांतरित नोंदींत त्यांचे सबव्हर्जन अनुक्रमांक जोडण्यात आले.

पूर्वतपासणीची आवश्यकता :
गिटमध्ये नोंदीची ओळख म्हणजे तिच्या आशयावरून काढलेला ४० षोडशमान अंकांचा हॅश होय. फायलींची स्थिती, लेखक व दिनांक यांबरोबरच आधीच्या नोंदीचा हॅशही या गणनेत समाविष्ट असतो. परिणामी, जुन्या नोंदीतील एका लेखकाचे नाव दुरुस्त केले, तरी तिच्यावर आधारलेल्या पुढील सर्व नोंदींची ओळख बदलते. अनेकांनी प्रती घेतल्यानंतर अशी दुरुस्ती व्यवहारतः अशक्य ठरते. म्हणून चाचणी-रूपांतरे वारंवार करणे, दोन्ही प्रणालींतील फायली ताडून पाहणे व सदस्यनावांची पूर्ण यादी आधी सिद्ध करणे आवश्यक असते. समाधान होईपर्यंत जुने भांडार नष्ट करू नये. तदनंतरही ते केवळ वाचनासाठी जतन करावे.

निष्कर्ष :
महाविद्यालयीन संशोधन प्रकल्पांनाही हे लागू पडते. केवळ अखेरची प्रत नव्या ठिकाणी ठेवल्यास आज्ञावली चालू राहील. परंतु विद्यार्थ्याने केलेल्या कामाचा पुरावा आणि त्यामागील कारणे मात्र कायमची हरवतील.