जिन्याचे दार लागते काय?

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, ही म्हण आपल्या लोकांनी उगाच रचलेली नाही. मोठी आग लागली की चार दिवस हळहळ, आठ दिवस चौकशीची भाषा आणि नवव्या दिवशी ये रे माझ्या मागल्या, हा आपला जुना परिपाठ आहे. परळच्या क्रिस्टल टॉवरमध्ये २२ ऑगस्ट २०१८ रोजी बाराव्या मजल्यावर आग लागून ४ माणसे दगावली. मुंबईने ती आठवण कितीशी जपली? म्हणून आज आम्ही वाचकांना एकच साधा प्रश्न विचारतो : आपल्या इमारतीतील जिन्याचे दार आपोआप लागते काय?

प्रश्न क्षुल्लक वाटेल, पण तसा तो नाही. आगीत माणूस ज्वाळांनी मरतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः पुष्कळदा त्याचा जीव घेतो तो धूर. कोलकात्याच्या आमरी रुग्णालयात ९ डिसेंबर २०११ रोजी आग लागली ती तळघरात; सुमारे ९० जीव गेले ते मात्र बहुतांशी वरच्या मजल्यांवर, गुदमरून. धुराला वाट मिळाली की जिना हा जिना राहत नाही, त्याचे धुरांडे होते. ती वाट अडवणे हेच अग्निरोधक दाराचे काम होय.

मात्र दार नुसते जाडजूड असून भागत नाही. ते बसवण्यावर सारे अवलंबून असते. दार आणि चौकट यांतील फट सुमारे ३ मिलिमीटरची हवी. तेथे बसवलेली खास पट्टी उष्णतेने फुगते आणि फट बुजवते. तिच्या जोडीचा ब्रशसारखा पट्टा थंड धूरही रोखतो. चौकट व भिंत यांमधील पोकळी अग्निरोधक द्रव्यानेच भरावयास हवी. तेथे साधा फोम कोंबून वरून रंगाचा हात फिरवला, तर दोन तासांच्या हमीचे दार घटकाभर तरी टिकेल काय?

लंडनचा ग्रेनफेल टॉवर १४ जून २०१७ रोजी जळाला आणि ७२ माणसे प्राणास मुकली. आग भडकली ती मुख्यतः बाहेरील आच्छादनामुळे, हे खरे. परंतु तेथील घराचे एक दार पुढे कसोटीस लावले, तेव्हा ३० मिनिटे टिकावयाचे ते दार सुमारे १५ मिनिटांत हरले. अनेक दारांचे क्लोजर मोडलेले तरी होते किंवा मुळात नव्हतेच. इंग्लंडने यातून धडा घेतला. तेथे ११ मीटरहून उंच निवासी इमारतींतील सामायिक दारे दर तीन महिन्यांनी तपासणे जानेवारी २०२३ पासून सक्तीचे आहे.

आपल्याकडे कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यान्वये अग्निसुरक्षेची साधने सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. पण प्रमाणपत्र फायलीत आणि दार विटेला टेकून सताड उघडे, असा प्रकार असेल तर त्या कागदाचा उपयोग काय? वीट तेथे ठेवतो कोण? सरकार नव्हे, आपणच! वारा यावा म्हणून दार उघडे आणि जागा मिळाली म्हणून जिन्यात चपलांचे कपाट. सोसायटीच्या सभेत लॉबीतील संगमरवरावर तासभर वाद घालणाऱ्या सुशिक्षितांना क्लोजरचा खर्च तेवढा जड वाटावा, याचे आम्हांस वैषम्य वाटते.

वाचकांनी आज संध्याकाळी लिफ्ट सोडून जिना चढावा. प्रत्येक मजल्यावरचे दार अर्धे उघडून सोडून द्यावे. ते आपल्या आपण मिटून खटक्यात बसले तर उत्तम. न बसले तर उद्याच चिटणीसांना लेखी कळवावे. वीट असेल तर ती मात्र उद्यावर टाकू नये. ती तेथल्या तेथे उचलावी.