दाबमोज्यांचा दाब टिकवायचा तर...

विठ्ठलवाडी - कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघालेल्या लोकलचे पहिले स्थानक म्हणजे विठ्ठलवाडी. येथून मुंबई गाठणाऱ्या चाकरमान्यांचा तासाभराहून अधिक वेळ बहुधा उभ्यानेच जातो. चौथी सीट मिळाली तरी अर्धे अंग बाहेरच. एसटी आगारातील वाहक, शाळांतील शिक्षक, केशकर्तनालयातील कारागीर, लगतच्या उल्हासनगरातील शिलाई कारखान्यांत राबणारे कामगार यांचाही दिवस पायांवरच सरतो. अशांपैकी अनेकांच्या पोटऱ्यांवर निळसर, गाठाळ शिरा दिसू लागतात, संध्याकाळी घोटे सुजतात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्वचेच्या रंगाचे घट्ट मोजे लिहून येतात. मोजे महागडे असतात, म्हणून ते जपून वापरले जातात. मात्र 'जपणे' म्हणजे कमी धुणे, असा एक गैरसमज घरोघरी आढळतो आणि नुकसान तेथूनच सुरू होते.

हे मोजे नुसते घट्ट नसतात. त्यांचा दाब घोट्यापाशी सर्वाधिक असून वर मांडीकडे तो क्रमाने कमी होत जातो. पायांतील नीलांमध्ये रक्त खाली परतू न देणाऱ्या झडपा असतात. त्या निकामी झाल्या की रक्त खाली साचते. बाहेरून मिळणारा हा चढता-उतरता दाब नीलांना आवळून धरतो आणि पोटरीच्या स्नायूंना रक्त वर ढकलण्यास मदत करतो. जर्मनीत जन्मलेले व अमेरिकेत टोलेडो येथे स्थायिक झालेले अभियंता कॉनरॅड जोब्स्ट स्वतः या विकाराने त्रस्त होते. जलतरण तलावात उभे राहिल्यावर पाय हलके वाटतात, हे त्यांच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक, हे त्यामागचे कारण. या निरीक्षणातूनच १९५० च्या सुमारास त्यांनी असे मोजे तयार केले.

हा दाब निर्माण होतो तो नायलॉनबरोबर विणलेल्या लवचिक धाग्यांमुळे. काही मोज्यांत रबराचे, तर बहुतेकांत इलॅस्टेनचे. दिवसभर पायात ताणून राहिलेला धागा सैलावतो. त्यात घाम, त्वचेचा कोंडा आणि तेलकटपणा रुतून बसतो. कोमट पाण्यात धुतल्यावर ही घाण निघते आणि वीण पुन्हा आकसून मूळ आकारावर येते. म्हणजे धुतल्याने मोजे सैल होतात ही समजूत वस्तुस्थितीच्या नेमकी उलट आहे. रोज वापरायचे मोजे रोजच धुवावेत आणि त्यासाठी दोन जोड असावेत, हे उत्तम.

धुण्याची रीत साधी आहे. पण आपल्याकडच्या धुण्याच्या सवयींशी तिचा उभा दावा आहे. मोजा उलटा करावा. हाताला गरम न लागणाऱ्या पाण्यात सौम्य द्रव साबण घालून तो काही मिनिटे भिजवावा आणि हलक्या हाताने चोळावा. पाणी ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. मोज्यावरील पट्टीवर ३० लिहिले असेल तर तेच प्रमाण. वडीचा साबण रगडणे, ब्रशने घासणे, दगडावर आपटणे हे सर्व वर्ज्य. डाग घालवणारे क्लोरिनयुक्त ब्लीच लवचिक धागा कमजोर करते, तर कपडे मऊ करणारे द्रावण धाग्यावर थर चढवते. बोअरिंगचे क्षारयुक्त पाणी वापरावे लागत असेल, तर साबण नीट निघेपर्यंत जास्त वेळा खळबळावे. उरलेल्या साबणाने कातडीला खाज सुटते. यंत्रात धुवायचे झाल्यास जाळीच्या पिशवीत, नाजूक कपड्यांच्या चक्रावर आणि हुक-चेनच्या कपड्यांपासून दूर.

धुतलेला मोजा पिळू मात्र नये. कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबला की बरेचसे पाणी निघून जाते. नंतर तो सावलीत, आडवा पसरून वाळवावा. दोरीला चिमट्याने लटकवलेला ओला मोजा स्वतःच्या वजनाने ताणला जातो. खरी परीक्षा पावसाळ्यात. चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, म्हणून मोजे गॅसच्या शेगडीजवळ, फ्रिजच्या मागे किंवा इस्त्रीखाली वाळवले जातात. उष्णतेने लवचिक धागा कायमचा बिघडतो. पंख्याखाली रात्रभर पसरून ठेवणे हाच मार्ग. अर्धवट ओला मोजा घालणेही धोक्याचे. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात आणि मधुमेही रुग्णाला त्या महाग पडू शकतात.

धुण्याइतकेच घालणेही नाजूक. जोडवी, पैंजण, वाढलेली नखे आणि भेगाळलेल्या टाचा यांत धागा अडकतो. बाहेर आलेला धागा ओढू वा कापू नये. खोबरेल तेल वा मलम रात्री, मोजे काढल्यानंतर लावावे. सकाळी सूज येण्याआधीच मोजे चढवावेत. वरची कड दुमडून ठेवण्याची खोड तर सोडलीच पाहिजे, कारण तेथे दुप्पट दाब पडून रक्त अडते.

इतके करूनही रोजच्या वापरातील मोजे साधारण सहा महिन्यांत आपला दाब गमावतात. फाटलेले नाहीत म्हणून ते वर्षानुवर्षे घातले जातात. पायाला आवरण राहते, उपचार मात्र थांबलेला असतो. पूर्वी घालताना झटापट करावी लागत असे आणि आता मोजा सहज चढतो, ही त्याची खूण. ज्यांच्या पायावर पूर्वी जखम झाली होती, त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. जखम पुन्हा उघडण्यास असा ढिला मोजा पुरेसा ठरतो.

नवा जोड घेताना केवळ 'क्लास टू' म्हणून मागणेही पुरेसे नाही. जर्मन मानकात या वर्गाचा घोट्यापाशील दाब २३ ते ३२ मिलिमीटर पारा असतो, तर ब्रिटिश मानकात १८ ते २४. खोक्यावरचा आकडाच पाहावा आणि पायाचे माप सकाळी घ्यावे. शस्त्रक्रियेनंतर रुग्णालयात मिळणारे पांढरे मोजे हे अंथरुणावरील रुग्णासाठी असतात. त्यांचा दाब कमी असल्याने ते यांना पर्याय नव्हेत.

जुना जोड शेजाऱ्या-पाजाऱ्यांना देऊ नये. पायाच्या शुद्ध रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या असतील, तर हेच मोजे रक्तपुरवठा आणखी तोडतात. म्हणूनच घोटा आणि दंड येथील रक्तदाबाची तुलना करून मगच डॉक्टर ते लिहून देतात.