न्यूट्रल मॅट आयशॅडो पॅलेट : बारा रंगांचं करायचं तरी काय?

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, रेंज नसेल तर सेव्ह करून ठेवा.

आजचा प्रश्न आलाय तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा इथून. हो, तेच तलावाचं बोदलकसा. प्रश्न असा : "मे महिन्यात घरचं लग्न आहे. पार्लरवालीला परवडणार नाही, मेकअप आम्हीच करणार. एकच पॅलेट घ्यायचं तर कोणतं घेऊ? आणि ऑनलाइन दोनशे रुपयांत मिळतं ते डोळ्यांना चालेल का?"

दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत. आधी रंगांचं बघू.

मॅट म्हणजे नेमकं काय?

चमकणाऱ्या आयशॅडोमध्ये अभ्रकाचे बारीक कण असतात. ते उजेड परत फेकतात, म्हणून पापणी उठून दिसते. मॅटमध्ये अशी चमक नसते, त्यामुळे ती सावलीसारखी वागते. जिथे लावाल तो भाग थोडा आत गेल्यासारखा, खोल दिसतो. झाडीपट्टीच्या नाटकात नटांच्या डोळ्यांभोवती गडद रंग असतो ना, तो याचसाठी. स्टेजच्या झगझगीत उजेडात चेहरा सपाट दिसतो, आणि मागच्या रांगेतल्या माणसालाही डोळे दिसायला हवेत. लग्नात मात्र फोनचा कॅमेरा हातभर अंतरावर असतो. तत्त्व तेच, फक्त हात हलका ठेवायचा.

न्यूट्रल म्हणजे मातीचे रंग : गव्हाळ, बदामी, विटकरी, कॉफी, चॉकलेटी. कोणत्याही साडीवर चालतात, म्हणूनच पहिलं पॅलेट हेच घ्यावं.

पॅलेट निवडताना

बारा-अठरा रंगांच्या मोहात पडू नका. खरं काम चार रंगांचं असतं : तुमच्या त्वचेच्या रंगाचा एक, त्याहून दोन छटा गडद एक, एक विटकरी किंवा तांबूस, आणि एक जवळजवळ काळा वाटेल असा कॉफी.

सावळ्या किंवा गडद रंगाच्या मुलींनी इथे नीट बघा. पुष्कळ "न्यूड" पॅलेट गोऱ्या त्वचेच्या हिशोबाने बनवलेली असतात. त्यातले फिके क्रीम आणि राखाडी रंग आपल्या पापणीवर भस्म फासल्यासारखे दिसतात, आणि अर्धं पॅलेट वाया जातं. त्यात तुमची त्वचा कमी पडत नाही, पॅलेट चुकीचं असतं. तुम्ही विटकरी आणि कॉफीकडे झुकणारं घ्या.

तिरोड्याच्या किंवा गोंदियाच्या दुकानात टेस्टर असेल तर बोटाने मनगटाच्या आतल्या बाजूला लावा आणि दुकानाबाहेर उन्हात येऊन बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच रंग छान वाटतात. टेस्टर थेट डोळ्याला मात्र लावायचा नाही.

आता दोनशे रुपयांचा प्रश्न

स्वस्त म्हणजे वाईट असं नाही. बेनामी मात्र नको. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स, २०२० लागू आहेत. सौंदर्यप्रसाधनांच्या रंगद्रव्यांत शिसं दहा लाख भागांत २० पेक्षा जास्त आणि आर्सेनिक २ पेक्षा जास्त असून चालत नाही. घरी बसून आपण हे तपासू शकत नाही, पण डबी उलटी करून वाचू शकतो. बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, बॅच नंबर, परवाना क्रमांक आणि वापरण्याची शेवटची तारीख हवी. परदेशी मालावर आयात करणाऱ्याचं नाव हवं. यातलं काहीच नसेल आणि वर मोठ्या ब्रँडचं नाव असेल, तर तो नकली माल समजा. डोळ्याची कातडी शरीरावरच्या सर्वात पातळ कातडींपैकी एक, तिथे जुगार कशाला?

लावायचं कसं?

ब्रश दोन पुरतात : एक चपटा, एक फुगीर मऊ.

१. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या पुढे असतो. मॅट पावडर वितळत नाही, पण पापणीच्या तेलाने आणि घामाने घडीत गोळा होते. म्हणून आधी पापणी कोरडी करा, कन्सीलरचा अगदी पातळ थर द्या आणि त्यावर त्वचेच्या रंगाची शेड थापा.

२. फुगीर ब्रशवर मधली शेड घ्या, झटका आणि डोळ्याच्या घडीत वायपरसारखी मागे-पुढे फिरवा. डोळा उघडून आरशात सरळ बघत बघत लावा. बंद डोळ्यावर सुंदर दिसणारा रंग उघडल्यावर घडीत लपतो.

३. विटकरी पापणीवर, चपट्या ब्रशने थापून. घासू नका, घासलं की पावडर गालावर झडते.

४. कॉफी फक्त बाहेरच्या कोपऱ्यात, थोडी. मग स्वच्छ ब्रशने कडा पुसट करा. कमी वाटलं तर परत लावता येतं, जास्त झालेलं काढणं अवघड.

तीच कॉफी ओल्या ब्रशने पापण्यांच्या मुळाशी लावली की लायनर, कोरडी भुवईत भरली की आयब्रो. वेगळा खर्च नाही.

चेहऱ्याचा बेस डोळ्यांनंतर करा, म्हणजे गालावर झडलेली पावडर आधी पुसता येते.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नका

लग्नघरात एकच ब्रश दहा जणींच्या डोळ्यांवर फिरतो. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात डोळे येण्याची केवढी साथ आली होती, आठवतं ना? ब्रश नसेल तर प्रत्येकीने स्वतःचा कापसाचा बोळा वापरा. कुणाचे डोळे लाल किंवा चिकट असतील तर त्या दिवशी तिला फक्त लिपस्टिक लावा. आणि "ताई, तू लावू नको" हे सांगायला लाजू नका. लावल्यावर आग झाली, सूज आली, तर लगेच धुवा. त्रास राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

म्हणूनच नवं पॅलेट लग्नाच्या आठवडाभर आधी घ्या आणि एकदा घरी लावून दिवसभर वावरून बघा. आणि हो, गाडीवरून नेताना डबीत कापसाची चकती ठेवा, नाहीतर खड्ड्यांत पावडरचा भुगा ठरलेला!

पुढच्या भागात बोलू घामात टिकणाऱ्या काजळाबद्दल. तोवर ब्रश धुऊन ठेवा!