विकत फक्त बर्फ मिळतो

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, ब्लॅक रॉक नावाच्या वाळवंटात दर वर्षी ऑगस्ट सरताना एक शहर उभं राहतं. त्याला आखीव रस्ते असतात, स्वतःचं रेडिओ केंद्र असतं, छोटी विमानं उतरवण्यापुरता विमानतळही असतो. सत्तर हजारांच्या आसपास माणसं तिथं आठवडाभर मुक्काम करतात. दुकान मात्र एकही नसतं. वाणी नाही, खानावळ नाही, चहाची टपरी नाही. तंबूत राहणाऱ्याला रोजच्या गरजेची एकच वस्तू पैसे देऊन मिळते, ती म्हणजे बर्फ. बाकी सगळं, अगदी पिण्याच्या पाण्याच्या शेवटच्या घोटापर्यंत, ज्याचं त्याने घरून आणायचं असतं.

हा ‘बर्निंग मॅन’ उत्सव. लॅरी हार्वी आणि जेरी जेम्स या मित्रांनी 1986 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या बेकर बीचवर सुमारे आठ फूट उंचीचा लाकडी पुतळा उभारून जाळला, तिथून याची सुरुवात झाली. 1990 साली हा कार्यक्रम ब्लॅक रॉक वाळवंटात गेला आणि वाढत वाढत ‘ब्लॅक रॉक सिटी’ नावाचं तात्पुरतं शहर झाला. प्रचंड शिल्पं, रात्रभर फिरणाऱ्या कलात्मक गाड्या, शनिवारी रात्री होणारं पुतळ्याचं दहन आणि रविवारी रात्री जळणारं लाकडी मंदिर ही त्याची ओळख. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातून मोटारीने हा साधारण दिवसभराचा प्रवास आहे. त्यामुळे तिथं नोकरीसाठी स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्याही कानांवर हे नाव पडतंच, आणि ‘एकदा जाऊन यावं’ असा विचार मनात येतो.

आपल्याकडच्या वाळवंटी उत्सवांची कल्पना डोळ्यांपुढे ठेवून तिथं जाणं मात्र धोक्याचं. कच्छच्या रणोत्सवात पर्यटकाला तंबू उभारलेला मिळतो, जेवण तयार असतं. ब्लॅक रॉकमध्ये यजमान आणि पाहुणा असा भेदच नाही. हार्वी यांनी 2004 साली या उत्सवाची दहा तत्त्वं लिहून काढली. स्वावलंबन, पैशांचा व्यवहार टाळणं, परतफेडीची अपेक्षा न ठेवता देणं, सर्वांनी सहभागी होणं आणि मागे कसलीही खूण न ठेवणं ही त्यांतली काही. ही तत्त्वं वाचायला उदात्त वाटतात, पण पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी त्यांचा अर्थ अगदी व्यावहारिक आहे. तिथलं स्वावलंबन सुरू होतं ते घरी सामान बांधताना.

सामानाची यादी करण्याआधी जमीन समजून घ्यायला हवी. ब्लॅक रॉकमध्ये राजस्थानसारखे वाळूचे डोंगर नाहीत. हिमयुगात इथं लाहोन्टन नावाचं विशाल सरोवर होतं. ते आटल्यावर उरलेला हा तळ. ‘प्लाया’ म्हणून ओळखली जाणारी ही जमीन इतकी सपाट आहे की 15 ऑक्टोबर 1997 रोजी अँडी ग्रीन यांनी ‘थ्रस्ट एसएससी’ ही गाडी ध्वनीच्या वेगापेक्षा जास्त वेगाने चालवून जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला, तो इथंच. झाड नाही, झुडूप नाही, म्हणजे नैसर्गिक सावलीही नाही. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे 1,190 मीटर, महाबळेश्वरपेक्षा थोडी कमी. हवा कोरडी. दुपारी पारा 37 अंशांच्या पुढे जाऊ शकतो आणि पहाटे दहा अंशांच्या खाली उतरू शकतो. सुती सदरा आणि लोकरी टोपी एकाच पिशवीत लागतात, ते यामुळे.

पहिला हिशोब पाण्याचा. माणशी दिवसाला दीड गॅलन, म्हणजे साधारण पावणेसहा लिटर पाणी आणावं, असं आयोजक सांगतात. यात पिणं, स्वयंपाक आणि जुजबी धुणं-पुसणं आलं. आठ दिवसांचे माणशी 45 लिटर झाले. दोघांचे 90 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचं वजन 90 किलो. गाडीत आधी पाणी बसवायचं आणि उरलेल्या जागेत बाकी सामान, हा क्रम त्यामुळे आपोआप ठरतो. एकच मोठा कॅन घेण्यापेक्षा चार-पाच लहान कॅन बरे, कारण एखादा गळला तरी बाकीचं पाणी हाती राहतं. कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळून जातो. शरीरातलं पाणी किती कमी झालंय ते कळतच नाही. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता घोट घोट पाणी पीत राहायचं आणि मीठ-साखर-लिंबाचं सरबत किंवा ओआरएसची पाकिटं जवळ ठेवायची.

वापरलेल्या पाण्याचाही हिशोब द्यावा लागतो, हे नवख्याच्या लक्षात येत नाही. भांडी धुतलेलं किंवा आंघोळीचं पाणी जमिनीवर ओतायला बंदी आहे. ते साठवून परत न्यायचं, नाहीतर पसरट भांड्यात उन्हात आटवायचं. त्यामुळे अनुभवी मंडळी ताटल्या आधी कागदाने पुसून घेतात आणि अंग ओल्या फडक्याने पुसतात.

पाण्याइतकाच विचार धुळीचा करावा लागतो. प्लायाची धूळ मैद्यासारखी बारीक आणि अल्कधर्मी असते. तंबूच्या जाळीतून, बॅगेच्या चेनमधून, कॅमेऱ्याच्या फटीतून ती आत शिरते. अनवाणी किंवा सपाता घालून फिरणाऱ्यांचे तळवे या धुळीने कोरडे पडतात, भेगाळतात आणि चुरचुरतात. या त्रासाला तिथं ‘प्लाया फूट’ म्हणतात. पायमोजे आणि बंद बूट हा त्यावरचा साधा बंदोबस्त. रात्री पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पाय पुसायचे, म्हणजे त्यातलं आम्ल धुळीतल्या अल्काला शमवतं. मग मलम लावून स्वच्छ मोजे घालायचे. नाकासाठी सलाईनचा फवारा आणि ओठांसाठी बामही लागतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी साधा चष्माही बरोबर ठेवावा.

वादळ उठलं की काही मिनिटांत सगळं पांढरं होतं आणि हाकेच्या अंतरावरचा तंबूही दिसेनासा होतो. डोळ्यांना चहूबाजूंनी घट्ट बसणारा गॉगल आणि एन-95 मास्क या वस्तू म्हणूनच तंबूत ठेवून उपयोगाच्या नाहीत. त्या सतत अंगावर किंवा कमरेच्या पिशवीत हव्यात. गॉगल दोन असावेत. काळ्या काचेचा दिवसासाठी, पारदर्शक काचेचा रात्रीसाठी.

याच वाऱ्यामुळे तंबूची खरी परीक्षा असते ती त्याच्या खुंट्यांची. तंबूबरोबर मिळणाऱ्या बारीक खुंट्या इथं टिकत नाहीत. बांधकामाच्या लोखंडी सळईचे टोकाशी वाकवलेले तुकडे हातोड्याने ठोकायचे किंवा लांब, जाड स्क्रू ड्रिलने जमिनीत बसवायचे, या दोन रीती तिथं रूढ आहेत. सळईच्या वर राहिलेल्या टोकावर जुना टेनिसचा चेंडू बसवतात, कारण अंधारात उघड्या सळईला अडखळून पायाला मोठी जखम होऊ शकते. 2025 साली उत्सव सुरू होण्याच्या तोंडावर आलेल्या वादळात अनेक तंबू आणि मांडव कोसळले. उडालेला मांडव मालकाचं नुकसान करतोच, शिवाय शेजाऱ्याच्या अंगावर जातो. घट्ट ठोकलेली खुंटी तिथं शेजारधर्मात मोडते.

तंबूवर वेगळं सावलीचं छत असणंही गरजेचं आहे. ऊन चढू लागलं की बिनछताचा तंबू आतून भट्टीसारखा तापतो आणि रात्री उशिरा झोपलेल्या माणसाला बाहेर पडावंच लागतं.

शहराची रचना घड्याळासारखी आहे. मधोमध पुतळा, त्याच्याभोवती घोड्याच्या नालेच्या आकारात वस्ती आणि दोनच्या काट्यापासून दहाच्या काट्यापर्यंत निघालेले रस्ते. अंतरं मोठी, आणि खासगी मोटार मुक्कामाच्या जागी लावली की ती परत निघेपर्यंत हलवायची नसते. म्हणून सायकल हवीच. तीही महागडी नको, जाड टायरची आणि साधी असलेली बरी. पंक्चरचं सामान, कुलूप आणि मुख्य म्हणजे दिवे बरोबर घ्यावेत. रात्री मोकळ्या मैदानात बिनदिव्याचा माणूस कुणालाच दिसत नाही, त्यामुळे सायकलवर आणि अंगावरही दिवे लावणं हा सुरक्षिततेचा नियम आहे. परत निघताना सायकल गाडीवर चढवून घरी न्यायची. 2017 साली हजारो सायकली तिथंच टाकून दिलेल्या सापडल्या आणि त्या उचलण्याचं काम मागे थांबलेल्यांच्या गळ्यात पडलं.

खाण्याच्या बाबतीत मराठी घराला फारशी शिकवणी लागत नाही. उन्हात भूक मंदावते आणि वाऱ्यात स्टोव्ह पेटवणं जिवावर येतं, तेव्हा न शिजवता खाता येणारे आणि खारट पदार्थ जास्त उपयोगी पडतात. लाडू, भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, गरम पाणी ओतून होणारा उपमा या प्रवासी शिदोरीला इथं मोल आहे. शिजवलेली आमटी किंवा राजमा घरीच घट्ट गोठवून नेला तर पहिले दोन दिवस तोच शीतपेटीत बर्फाचं काम करतो. चिवडा मात्र खोलगट वाडग्यातच घ्यावा, कारण जमिनीवर सांडलेला प्रत्येक दाणा वेचून उचलावा लागतो. खोकी आणि वेष्टनं घरीच काढून टाकावीत. कांद्याची सालं, फळांच्या साली जाळीच्या पिशवीत घालून उन्हात टांगल्या की एका दिवसात वाळतात. मग त्यांना वास येत नाही आणि परतीचं ओझंही कमी होतं.

ओझं कमी व्हायला हवं, कारण उत्सवात कचरापेट्या नसतात. जे आणलं ते परत न्यायचं. जागा चुकलेल्या प्रत्येक वस्तूला तिथं ‘मूप’ म्हणतात, मग ती सिगारेटचं थोटूक असो की पिस्त्याचं टरफल. ही जमीन अमेरिकी सरकारच्या भूव्यवस्थापन विभागाच्या ताब्यात आहे. उत्सव संपल्यावर विभागाचे अधिकारी नमुन्यादाखल निवडलेल्या जागा तपासतात. एका एकरात सरासरी एक चौरस फुटापेक्षा जास्त कचरा भरला, तर परवानगी धोक्यात येते. त्याआधी स्वयंसेवकांची तुकडी ओळीने चालत सगळं मैदान विंचरून काढते आणि कोणत्या छावणीने किती कचरा मागे ठेवला याचा रंगीत नकाशा सर्वांसाठी प्रसिद्ध होतो. पिसांचे गळपट्टे, टिकल्या आणि चमकी लावलेले कपडे, थर्मोकोल या गोष्टी घरीच ठेवायला सांगतात, कारण त्या झडतात आणि वाऱ्यावर पसरतात. फिरत्या शौचालयांत एकपदरी कागदाशिवाय काहीही टाकायचं नसतं. जाड कागद आणि ओले रुमाल मैला उपसणाऱ्या यंत्राच्या नळ्या तुंबवतात.

आणि पाऊस? वाळवंटात पावसाची तयारी कशाला, असं वाटेल. 1 सप्टेंबर 2023 रोजी, उत्सवाच्या शेवटच्या टप्प्यात, ब्लॅक रॉकवर पाऊस सुरू झाला. एकूण पाऊस जेमतेम अर्धा ते पाऊण इंच. मुंबई-कोकणच्या माणसाने त्याची दखलही घेतली नसती. पण सरोवराच्या त्या गाळाचा असा चिखल झाला की बुटांना त्याचे गोळे चिकटले आणि चाकं रुतली. आयोजकांनी वाहनांची ये-जा बंद केली. अन्न, पाणी आणि इंधन जपून वापरण्याची सूचना निघाली. शौचालयं उपसणाऱ्या गाड्याही फिरू शकल्या नाहीत. सुमारे सत्तर हजार माणसं अडकली. पुतळ्याचं दहन शनिवारऐवजी सोमवारी, 4 सप्टेंबरला झालं आणि बाहेरचा रस्ताही त्याच दिवशी दुपारी खुला झाला. ज्यांनी दोन दिवसांचं जादा अन्न-पाणी आणलं होतं, त्यांना हे दिवस सोपे गेले आणि शेजाऱ्यांना मदतही करता आली. यादीत म्हणून दोन दिवसांची जादा शिदोरी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि सामान झाकायला ताडपत्री असायलाच हवी.

छोट्या गोष्टीही आधी ठरवलेल्या बऱ्या. तिकीट आणि वाहनाचा पास वेगवेगळे असतात, दोन्ही लागतात. शेवटचा रस्ता दुपदरी आहे, प्रवेशद्वाराशी आणि परतीच्या वाटेवर तासन् तास थांबावं लागू शकतं. म्हणून टाकी रेनोसारख्या मोठ्या गावातच पूर्ण भरून घ्यावी. मोबाइलचा भरवसा नसतो, तेव्हा नकाशे आधी उतरवून ठेवावेत आणि पुण्या-नाशिकला असलेल्या आई-वडिलांना ‘आठ-दहा दिवस फोन लागणार नाही, काळजी करू नका’ असं निघण्यापूर्वीच कळवावं. स्वतःचा पेला आणि ओळखपत्र कायम जवळ बाळगावं. पेयं फुकट वाटली जातात, पण पेला ज्याचा त्याने आणायचा असतो, आणि मद्य देण्यापूर्वी वय तपासतात.

देण्यासाठी काय न्यावं, हा प्रश्नही नवख्याला पडतो. किरकोळ शोभेच्या वस्तूंची पिशवी भरून नेण्याची गरज नाही, त्यांतल्या बऱ्याचशा शेवटी कचऱ्यात जातात. सायकल दुरुस्त करता येत असेल तर ती करावी, थंडगार पहाटे शेजारच्या चार तंबूंना आल्याचा चहा पाजावा, मांडव ठोकायला हात लावावा. स्वतःचं पाणी, सावली आणि जेवण ज्याने नीट आणलं आहे, त्यालाच असं देणं जमतं.

पहिल्यांदा जाणाऱ्याने रंगीबेरंगी पोशाख जरूर न्यावेत, पण पिशवीत ते शेवटी भरावेत. आधी पाणी, मग सावलीचं छत आणि खुंट्या, मग गॉगल-मास्क, दिवे, बूट आणि गरम कपडे. तंबू घरच्या अंगणात किंवा जवळच्या मैदानात एकदा उभारून पाहावा. आणि गाडी भरताना परतीच्या कचऱ्याच्या पिशव्यांसाठी एक कोपरा रिकामा ठेवावा, कारण त्या पिशव्या घरापर्यंत आणण्याची जबाबदारीही आपलीच आहे.