सजविलेले घर आणि राहते घर

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ ही म्हण ज्या कोणी रूढ केली, त्याला घर बांधण्यातली दगदग चांगली ठाऊक होती. पण घर सजविल्यानंतरचा पश्चात्ताप ठाऊक नसावा. त्याच्या काळी घर बांधून झाले की बहुतेक झालेच. भिंतीला चुना लागला, जमीन सारवली, खुंट्या नि कोनाडे तर भिंतीबरोबरच उभे राहिलेले. हल्ली सदनिकेचा ताबा मिळाला म्हणजे काम संपत नाही, सुरू होते. फरशी कोणती, छत कसे, कपाटे कुठे, रंग कोणता, असे शेकडो निर्णय महिन्या-दोन महिन्यांत घ्यावे लागतात. त्यांतले बरेचसे आपण जन्मात प्रथमच घेत असतो, आणि तेही कर्जाचा पहिला हप्ता डोळ्यांपुढे ठेवून.

या निर्णयांची एक गंमत आहे. ते चुकले हे लगेच कळत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी पाहुणे म्हणतात, ‘वा! अगदी मासिकातल्या चित्रासारखे झाले हो!’ आपणही सुखावतो. दिवाळीच्या साफसफाईत पहिली शंका येते, पुढच्या पावसाळ्यात तिची खात्री पटते. तोपर्यंत सुताराचा, गवंड्याचा हिशेब चुकता झालेला असतो.

आम्ही हे तटस्थपणे सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही आमचे जुने राहते घर नव्याने सजविले. बैठकीच्या खोलीपासून न्हाणीघरापर्यंत जुनी शहाबादी फरशी होती. ती काळवंडली होती, सांध्यांत मळ बसे. ती उखडून आम्ही आरशासारख्या चकचकीत पांढऱ्या टाइल्स बसविल्या. दुकानात त्यांत आमचे प्रतिबिंब दिसले, त्यावरच आम्ही भाळलो. त्या आषाढात, न्हाणीघराबाहेर सांडलेल्या चार थेंबांवरून आमच्या आईचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली. आता ती वॉकर घेऊन चालते. घरी आली त्या दिवशी सगळीकडे नजर फिरवून ती म्हणाली, ‘घर छान झालंय रे. फक्त चालायला भीती वाटते.’ ती रागावली असती तर आम्हांला बरे वाटले असते. त्या एका वाक्याने आम्हांला विचार करायला लावले, आणि त्या विचारातून जे हाती लागले तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहोत.

प्रथम या फरशीचेच पाहू. या टाइल्सना व्हिट्रिफाइड म्हणतात, म्हणजे काचेसारख्या झालेल्या. माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड यांच्या मिश्रणावर प्रचंड दाब देतात आणि बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास ते भाजतात. त्यामुळे आतली छिद्रे जवळजवळ बुजून जातात. अशी टाइल आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही पाणी शोषीत नाही. डाग मुरत नाही, मळ धरत नाही, हा तिचा मोठा गुण. पण जो गुण तोच दोष. न मुरणारे पाणी वर पातळ पापुद्र्यासारखे पसरून राहते. त्यात पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला असला की पायाला पकड मिळत नाही. शिवाय पांढऱ्या चकचकीत फरशीवर पाणी सांडलेले दिसतही नाही. शहाबादीच्या खडबडीत अंगावर पाऊल ठरत असे, आणि तीच फरशी आम्ही ‘जुनाट’ म्हणून काढून टाकली. खरे तर खरखरीत पृष्ठभागाच्या टाइल्सही त्याच दुकानात होत्या. टाइल पसंत करताना तिच्यात तोंड पाहण्याऐवजी तिच्यावर तांब्याभर पाणी ओतून अनवाणी उभे राहून पाहिले असते, तर आमचा निर्णय एका मिनिटात बदलला असता.

आम्ही असे का केले? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांला अडीचशे वर्षांपूर्वीचा एक समदुःखी भेटला. फ्रान्समधला विश्वकोशकार दनी दिदेरो याने १७६९ साली आपल्या जुन्या घरगुती झग्याच्या वियोगावर एक छोटा निबंध लिहिला. त्याला एक नवा, किरमिजी रंगाचा, भारी झगा मिळाला होता. जुना झगा मळका खरा, पण सोयीचा. पुस्तकावरची धूळ त्याने पुसावी, लेखणीची शाई त्याला पुसावी. नवा झगा अंगावर आला आणि खोलीतल्या बाकीच्या वस्तू दरिद्री दिसू लागल्या. मग गवती बैठकीची खुर्ची गेली, तिथे चामड्याची आरामखुर्ची आली. पुस्तकांची साधी फळी गेली, तिथे नक्षीचे कपाट आले. जुने मेज गेले, त्या जागी किमती मेज आले. शेवटी खोली शोभिवंत झाली, पैसे संपले, आणि दिदेरोला तिथे अवघडल्यासारखे होऊ लागले. झगा आपल्यासाठी नसून आपणच झग्यासाठी आहोत, अशा अर्थाची त्याची तक्रार आहे. एक जुनी साधी सतरंजी मात्र त्याने मुद्दाम ठेवली, आपली मूळची स्थिती विसरू नये म्हणून. ग्रँट मॅक्रॅकन या कॅनेडियन मानववंशशास्त्रज्ञाने १९८८ साली एका वस्तूपाठोपाठ दुसरी ओढत आणणाऱ्या या साखळीला दिदेरोचेच नाव दिले.

आमच्या घरी झग्याचे काम टाइल्सनी केले. फरशी चमकली म्हणून भिंती मळकट वाटल्या, भिंती रंगविल्या म्हणून छत उघडेबोडके वाटले. तेव्हा आम्ही प्लॅस्टर ऑफ पॅरिसचे दुसरे छत खाली टांगले.

या खोट्या छताचा हिशेब आपण क्वचितच करतो. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे ९ फूट असावी लागते. बहुतेक सदनिका याच्याच आसपास असतात. त्यातून सजावटीच्या छताने सहा-आठ इंच खाल्ले की डोक्यावर ओझे आल्यासारखे वाटते. पण त्याहून मोठी अडचण पंख्याची. पंखा हवा निर्माण करीत नाही, वरची हवा ओढून खाली ढकलतो. पाती छताला फार जवळ आली तर ओढायला वर हवाच पुरत नाही. पात्यांच्या वर सुमारे फूटभर जागा मोकळी हवी. ती ठेवावी तर पंखा डोक्याशी येतो, न ठेवावी तर वारा लागत नाही. मग वातानुकूलन यंत्र येते. आणि वरच्या स्लॅबमधून पाणी झिरपू लागले तर ते पहिल्या दिवशी दिसत नाही. छतावर पिवळा नकाशा उमटतो तेव्हा वर बरेच काही होऊन गेलेले असते.

पश्चात्तापाचे दुसरे मूळ असे की, आपण घर पाहुण्याच्या डोळ्यांनी सजवितो आणि त्यात राहतो मात्र आपल्या हातापायांनी. पाहुणा तासभर बसतो. फडके मारणारा हात रोज फिरतो. स्वयंपाकघरात हे विशेष जाणवते. पांढऱ्या संगमरवराचा ओटा देखणा दिसतो. पण संगमरवर म्हणजे मुळात चुन्याचाच खडक. लिंबू, चिंच, आमसूल यांचे आम्ल त्याला खाते, आणि पॉलिश गेलेले डाग पुसून जात नाहीत. आमटीत आमसूल घालणाऱ्या घराला काळा ग्रॅनाइट अधिक मानवतो. तीच गोष्ट उघड्या स्वयंपाकघराची. चित्रात ते प्रशस्त दिसते, पण फोडणीला चित्रातल्या भिंती कळत नाहीत. मोहरी-हिंगाचा धूर बैठकीच्या पडद्यांत आणि गाद्यांत जाऊन बसतो. ओट्याची उंचीही आपण विचारीत नाही, सुतार नेहमीच्या मापाने करून जातो. उभे राहून हाताचा कोपर वाकवावा आणि त्याच्या चार ते सहा इंच खाली ओटा यावा, हा साधा हिशेब आहे. बुटक्या व्यक्तीला उंच ओटा खांदे दुखवितो, उंच व्यक्तीला बुटका ओटा कंबर दुखवितो. सासू-सुनेच्या उंचीत फरक असेल तर? जी व्यक्ती तिथे अधिक वेळ उभी राहते, तिचा कोपर प्रमाण मानावा. त्यात मुलगा असला तर त्याचाही मानावा!

लाकूडकामात फसगत होते ती बाहेरच्या सनमायक्यामुळे. वर एकच रंग, एकच झळाळी. आत काय आहे ते दिसत नाही. प्लायवूड म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, एकाचा धागा उभा तर दुसऱ्याचा आडवा, असे चिकटविलेले. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा बारीक चुरा गोंदाने दाबलेला. कोरड्या जागी, पुस्तकांच्या किंवा कपड्यांच्या कपाटाला तो स्वस्तात काम देतो. पण भांडी घासण्याच्या सिंकखाली कापलेल्या कडेतून पाणी शिरले की तो पावासारखा फुगतो, आणि वाळला तरी पूर्ववत होत नाही. बिजागरीचे स्क्रू सुटतात, दार लोंबू लागते. प्लायवूडवर ‘एम.आर.’ लिहिलेले असले म्हणजे ते पाण्यात टिकेल असा पुष्कळांचा समज असतो. त्याचा अर्थ फक्त हवेतला ओलावा सोसणारे, एवढाच. सतत ओल्या जागेसाठी ‘आय.एस. ७१०’ या मानकाचे मरीन प्लाय मागावे. सारे घर त्याचे करण्याची गरज नाही. पाणी जिथे खरोखर पोचते तिथे करावे.

तिसरे मूळ म्हणजे जे हलते राहावे ते आपण भिंतीत खिळतो. याचे उदाहरण आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून सापडेल. एके काळी दूरदर्शन संच पेटीएवढा खोल असे. त्याच्या मापाचा दीड-दोन फूट खोल खण मध्यभागी ठेवून भिंतभर शोकेस करण्याची पद्धत होती. पुढे संच पाटीसारखे चपटे आणि रुंद झाले. नवा संच त्या खणात मावेना आणि शोकेस तोडवेना. आता त्या खणात गणपतीचे मखर नाही तर जुन्या वह्या असतात. तंत्र बदलते, मुले वाढतात, आईवडील थकतात. आज पलंगाची जागा खिडकीपाशी हवी, उद्या न्हाणीघराजवळ हवी. सुटी खाट दोन माणसांनी उचलून हलविता येते. भिंतीत बसविलेल्या पलंगाला गवंडी बोलवावा लागतो.

रंगाच्या चुका त्या मानाने स्वस्त. पेटीएवढ्या नमुन्यावर सौम्य दिसणारा रंग चार भिंतींवर चढला की भडक होतो, कारण एक भिंत आपला रंग दुसरीवर टाकते. दोन फूट लांब-रुंद पट्टा भिंतीवर रंगवून तो सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्याखाली पाहिला, तर ही चूक टळते.

तर मग घर सजवूच नये काय? असे आमचे मुळीच म्हणणे नाही. सुंदर घरात राहावे ही इच्छा निरोगी आहे. इंग्लंडमधले कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांनी १८८० साली बर्मिंगहॅमच्या नागरिकांपुढे व्याख्यान देताना, घरातली वस्तू उपयोगी तरी असावी किंवा मनापासून सुंदर तरी वाटावी, अशी कसोटी सांगितली होती. आम्ही तिला आपल्या घरापुरते तीन प्रश्न जोडतो. ही वस्तू रोज पुसणार कोण? घरातले सर्वांत म्हातारे आणि सर्वांत लहान माणूस हिच्यापाशी कसे वावरेल? आणि दहा वर्षांनी ही नकोशी झाली, तर हलविता येईल का? या तिन्हींना बरी उत्तरे मिळाली, तर खुशाल घ्यावी.

आणखी एक गोष्ट जमली तर करावी. ताबा मिळाल्यावर फरशी, ओटा, नळ, वीज एवढे पुरे करून काही महिने तसेच राहावे. ऊन कुठून येते, पाऊस कुठल्या खिडकीतून आत मारतो, चपला कुठे साचतात, आजी दुपारी कुठे टेकते, हे घरच सांगते. मग सुताराला बोलवावे.

आमच्या घरातली न्हाणीघरापुढची दहा फूट जागा आम्ही मागाहून उखडली आणि तिथे पुन्हा खरखरीत शहाबादी बसविली. पांढऱ्या फरशीत तो काळपट तुकडा ठिगळासारखा दिसतो. आलेले पाहुणे विचारतात, ‘इथे टाइल्स कमी पडल्या का?’ आम्ही ‘हो’ म्हणतो. आई त्या तुकड्यावर आली की वॉकरवरची पकड थोडी सैल करते. तेवढे आम्हांला पुरे आहे.